फिटच्या भीतीने नैराश्याचं औषध नाकारणं थांबवा

सध्या नाशकात अपस्माराच्या रुग्णांच्या घरच्यांमध्ये एक वाद जोरात चालला आहे. दोन-तीन औषधं घेऊनही ज्याच्या फिट थांबत नाहीत, त्याला नैराश्य आलं तर त्यावरची गोळी द्यावी की नाही? एक गट म्हणतो, मुळीच देऊ नये, त्या गोळीने फिट वाढतात, पाकिटातल्या कागदावरच तसं छापलेलं असतं. दुसरा गट म्हणतो, ती जुन्या औषधांची गोष्ट झाली, आता काही होत नाही, खुशाल द्या. मी शहरात औषधाचं दुकान चालवतो. दोन्ही बाजूंची माणसं चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर उभी असतात आणि दोघंही एकाच प्रश्नाभोवती फिरतात: फिट वाढेल का? गोळी दिली नाही तर त्या माणसाचं काय होईल, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझं मत असं आहे की, औषधांना न जुमानणारा अपस्मार आणि सोबत मध्यम किंवा तीव्र नैराश्य असेल, तर नीट निवडलेलं नैराश्यविरोधी औषध नाकारणं हा ते देण्यापेक्षा मोठा धोका आहे. ‘नीट निवडलेलं’ हे शब्द मी जपून वापरतोय, कारण ‘खुशाल द्या’ म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे.

आपण कुणाबद्दल बोलतोय ते आधी स्पष्ट व्हायला हवं. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली याची व्याख्या ठरवली. योग्य निवडलेली, सोसवणारी दोन औषधं पुरेशा मात्रेत नीट घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार. अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या वाट्याला हे येतं. आणि अपस्मार असलेल्या दर चार-पाच माणसांमागे एकाला नैराश्य असतं. ज्यांच्या फिट थांबत नाहीत त्यांच्यात हे प्रमाण आणखी वाढतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशाच, फिट न थांबणाऱ्या रुग्णांचं जीवनमान कशावर ठरतं हे तपासलं होतं. ते फिटच्या संख्येवरून सांगता येत नव्हतं, नैराश्यावरून येत होतं. घरात फिटची वही ठेवली जाते, तारीख-वेळ लिहिली जाते, मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवलं जातं. मुलगा महिनाभर नीट जेवलेला नाही, मित्रांचे फोन उचलत नाही, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलून गेला, याची नोंद कोणत्या वहीत असते?

‘आधी फिट थांबू दे, मग मन आपोआप ताळ्यावर येईल’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर आधी देतो. ज्याच्या फिट थांबण्याची शक्यता बरी आहे त्याच्याबाबतीत हे काही अंशी खरं ठरू शकेल. पण आपला विषय ज्यांच्या फिट थांबत नाहीत त्यांचाच आहे. त्यांना ‘फिट थांबल्यावर बघू’ सांगणं म्हणजे ‘कधीच बघणार नाही’ सांगणं. शिवाय यामागचं गृहीतच कच्चं आहे. फिटमुळे आयुष्याची ओढाताण होते, म्हणून माणूस उदास होतो, एवढंच नातं असतं तर नैराश्य नेहमी फिटनंतर आलं असतं. प्रत्यक्षात ज्यांना आधी नैराश्य होऊन गेलं आहे त्यांना पुढे अपस्मार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे गेल्या तीन-चार दशकांतल्या अनेक अभ्यासांत दिसलं. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. हे निरीक्षण नवंही नाही. उदास प्रकृतीची माणसं बहुधा अपस्मारी होतात आणि अपस्मारी माणसं उदास, असं वचन हिप्पोक्रेटिसच्या नावावर आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या निदानस्थानात अपस्मार कसा जडतो ते सांगताना भय, शोक, चिंता, उद्वेग यांची नावं घेतलेली आहेत. त्यांच्याकडे मेंदूचा आलेख काढायचं यंत्र नव्हतं, पण ते रुग्णाला अखंड माणूस म्हणून बघत होते. आपण त्याचे दोन तुकडे केले, एक मेंदूच्या डॉक्टरांकडे, दुसरा मनाच्या डॉक्टरांकडे, आणि दोघांच्या मधल्या जागेत तो माणूस पडून राहतो.

आता भीतीची बाजू. ती उगाच जन्मलेली नाही आणि तिला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. इमिप्रॅमिन हे या प्रकारचं पहिलं औषध १९५० च्या दशकात आलं आणि त्याच्या गटातल्या औषधांनी, विशेषतः जास्त मात्रेत, फिट येऊ शकते हे लवकरच ध्यानात आलं. क्लोमिप्रॅमिन आणि मॅप्रोटिलिन ही दोन नावं आजही अपस्माराच्या रुग्णासाठी टाळायच्या यादीत वरच्या ओळीत असतात. बुप्रोपिऑन या नैराश्याच्याच आणखी एका औषधाची हकिकत तर प्रत्येक फार्मसिस्टला पाठ असायला हवी. अमेरिकेत मंजुरी मिळाल्यानंतर त्याने, विशेषतः बुलिमिया या खाण्याच्या विकाराच्या रुग्णांना, फिट येऊ लागल्या, म्हणून १९८६ साली ते मागे घेतलं गेलं आणि १९८९ मध्ये कमाल मात्रा कमी करून परत आणलं. हेच औषध तंबाखू-सिगारेट सोडवण्यासाठीही देतात. त्यामुळे मनाचा काहीही त्रास नसलेल्या, पण फिट येणाऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर ते दिसू शकतं. तसं दिसलं तर मी गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करतो, आणि प्रत्येक दुकानदाराने करायला हवा. ‘आता काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे सगळं एका वाक्यात पुसून टाकलं आहे.

मात्र या तीन-चार नावांवरून सगळ्या औषधांवर एकच शिक्का मारायचा का? १९८५ ते २००४ या काळात अमेरिकेत मंजूर झालेल्या मानसिक आजारांवरच्या औषधांच्या चाचण्यांमधला तपशील २००७ साली एकत्र तपासला गेला. पंचाहत्तर हजारांहून जास्त रुग्णांची ती माहिती होती. नैराश्याचं खरं औषध घेणाऱ्यांना फिट येण्याचं प्रमाण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांच्या जवळपास निम्मं निघालं. अपवाद क्लोमिप्रॅमिन आणि जुन्या स्वरूपातल्या बुप्रोपिऑनचा. आणखी एक गोष्ट त्यातून पुढे आली, ती माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे. साखरेची गोळी घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांमध्ये फिटचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरंच जास्त होतं. म्हणजे काही वेळा आपण ज्याचा दोष गोळीला देतो तो उपचार न झालेल्या नैराश्याचा असू शकतो.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा इथेच येतो आणि तो मान्य करायलाच हवा. त्या चाचण्यांमध्ये अपस्माराचे रुग्ण सहसा घेतलेच जात नव्हते. ज्यांना फिट येतच नाहीत त्यांच्यावरचे आकडे, आठवड्यातून दोनदा फिट येणाऱ्याला कसे लावायचे? अपस्मार आणि नैराश्य दोन्ही असलेल्या रुग्णांवर या औषधांचे जे अभ्यास झाले त्यांचा कॉक्रेन या, उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ साली पुन्हा आढावा घेतला. सगळे मिळून दहा अभ्यास आणि ६२६ रुग्ण भरले. त्यांत फिट ठळकपणे वाढल्याचं दिसलं नाही, पण फायद्याबद्दल आणि धोक्याबद्दलही ठाम बोलावं एवढा पुरावा नाही, असाच त्याचा सूर होता. हे लपवून कुणी ‘शंभर टक्के सुरक्षित’ म्हणत असेल तर तो रुग्णाची फसवणूक करतोय.

तरीही माझं मत बदलत नाही, कारण पुरावा तोकडा आहे हा नियम आपण फक्त मनाच्या औषधालाच लावतो. ग्लासगोमध्ये ४७० नव्या रुग्णांचा पाठपुरावा करून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या औषधावर ४७ टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर आणखी १४ टक्क्यांच्या, आणि दोन औषधं एकत्र देऊन अवघ्या ३ टक्क्यांच्या. म्हणजे दोन औषधं फसल्यावर तिसरं, चौथं लागू पडण्याची आशा फार थोडी. तरी चौथं औषध लिहून आलं की घरचे निमूट घेऊन जातात. त्याने चक्कर येईल, विसरायला होईल, वजन वाढेल, हे सगळं सोसायची तयारी असते. तिथे कुणी आढाव्याचे आकडे मागत नाही. पाचवी गोळी नैराश्याची निघाली की मात्र काउंटरवर आवाज दबका होतो: ‘भाऊ, ही फिटवाल्याला चालती ना?’ फायद्याची शक्यता या पाचव्या गोळीत त्या चौथीपेक्षा जास्त असू शकते. अपस्माराच्या १४० प्रौढ रुग्णांवर झालेली आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला इथे महत्त्वाची वाटते. एका गटाला सर्ट्रालिन हे नैराश्याचं औषध दिलं, दुसऱ्याला दर आठवड्याला विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशन. चार महिन्यांच्या आसपास दोन्ही गटांत निम्म्याहून अधिक रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं, आणि अंग ताठ होऊन झटके देणाऱ्या मोठ्या फिटच्या बाबतीत दोन गटांत फरक जवळपास नव्हता. साखरेच्या गोळीचा तिसरा गट त्यात नव्हता, ही उणीव आहेच. पण समुपदेशनाने फिट वाढते असं कुणीच म्हणत नाही, आणि सर्ट्रालिनचा गट त्याच्याच बरोबरीने चालला.

वैद्यकशास्त्रात ‘या रुग्णाला हे चालत नाही’ अशी वाक्यं किती काळ टिकतात आणि कशी मोडतात, याचं एक उदाहरण रोज माझ्या दुकानात विकलं जातं. हृदयाची ताकद कमी झालेल्या रुग्णाला बीटा-ब्लॉकर द्यायचं नाही, असं कित्येक वर्षं शिकवलं गेलं. युक्तिवाद बिनतोड वाटे: हृदय आधीच थकलेलं, त्याला आणखी मंद करणारं औषध कसं द्यायचं? १९७५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी थोड्या रुग्णांवर ते वापरून चांगला अनुभव नोंदवला. बहुतेकांनी तो मनावर घेतला नाही. १९९९ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं दिसलं. आज तेच औषध या आजाराच्या उपचाराचा खांब आहे. मधल्या पाव शतकात ‘चालत नाही’ या वाक्यामुळे जी माणसं गेली त्यांची गणती कुणी ठेवली? या उदाहरणाने नैराश्याच्या औषधांबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण त्या बदलाची पद्धत शिकण्यासारखी आहे. अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करायची, हळूहळू वाढवायची आणि लक्ष ठेवायचं. अपस्माराच्या रुग्णाला नैराश्याचं औषध देतानाही हेच करायचं असतं.

आपली भीती कुठे जागी असते आणि कुठे झोपते हेही बघण्यासारखं आहे. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध फिटचा धोका वाढवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन यांच्यासारखी प्रतिजैविकंही वाढवू शकतात. जुलाब लागले म्हणून ओफ्लॉक्सासिन, कंबर धरली म्हणून ट्रॅमाडॉल, ही औषधं अपस्माराच्या रुग्णाच्या घरात सहज जातात आणि ‘फिटवाल्याला चालेल का’ असं विचारणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं. द्राक्षाच्या हंगामात रात्र-रात्र जागून पाणी-फवारणी करणाऱ्या तरुणाला जागरणाने फिट येते, त्याबद्दलही घरात कुणाचा आवाज चढत नाही. तो चढतो फक्त मनाच्या गोळीवर. त्या अर्थी ही भीती फक्त फिटची नाही. ‘वेड्यांची गोळी’ घरात आली, ही लाज त्यात मिसळलेली आहे, आणि फिटचं कारण सांगून ती झाकता येते.

अपस्माराच्या आणि नैराश्याच्या औषधांचं आपसांत पटत नाही, हा आक्षेप माझ्या धंद्यातला आहे, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन ही जुनी, स्वस्त औषधं यकृताला इतर औषधं लवकर मोडायला लावतात, त्यामुळे नैराश्याच्या गोळीचा अंमल कमी पडू शकतो. उलट फ्लुओक्सेटिन आणि फ्लुवोक्सामिन ही फेनिटॉइन-कार्बामाझेपिनची रक्तातली पातळी वाढवू शकतात. मग झोक जातो, दोन-दोन दिसतं, आणि घरचे म्हणतात, बघा, गोळी बाधली. सर्ट्रालिन, सिटालोप्रॅम, एसिटालोप्रॅम यांची ही खटपट बरीच कमी असते. खरा दबा धरून बसलेला धोका निराळाच आहे. कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिनमुळे रक्तातलं सोडियम उतरू शकतं, सर्ट्रालिनच्या गटातल्या औषधांनीही उतरू शकतं, आणि दोन्ही एकत्र आली की जास्त, विशेषतः वयस्क माणसांत. सोडियम फार उतरलं की फिट येऊ शकते. अशी फिट आली तर नाव नैराश्याच्या गोळीचं होणार, आणि एका साध्या रक्तचाचणीने जे आधी कळलं असतं त्यासाठी ती गोळी कायमची बंद होणार. या सगळ्यातून औषध निवडून द्यावं आणि देखरेख ठेवावी एवढंच निघतं. ‘देऊच नये’ कुठून निघतं?

खुद्द अपस्माराची औषधंच माणसाला उदास करतात, हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. लेव्हेटिरासेटामने चिडचिड आणि उदासी येऊ शकते, टोपिरामेटने येऊ शकते, फिनोबार्बिटोनची तर जुनीच ख्याती आहे. म्हणून नैराश्य नव्याने दिसलं की गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणतं औषध सुरू झालं किंवा वाढलं, आणि लॅमोट्रिजिन किंवा व्हॅल्प्रोएटसारखं मनाला सावरणारं कोणतं बंद झालं, हे आधी बघायलाच हवं. बदल करता येत असेल तर तो पहिला उपाय. पण ज्याच्या मोठ्या फिट मोठ्या मुश्किलीने लेव्हेटिरासेटामवर कमी झाल्या आहेत, त्याचं ते औषध काढायचं कोणत्या हिमतीवर?

परिस्थितीचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्याला फिट आली की नोकरी जाते. मुलीचं लग्न ठरवताना आजार लपवला जातो आणि नंतर तो उघड झाला की तिला माहेरी पाठवतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा अडसर होता. तो १९९९ च्या दुरुस्तीने निघाला, पण घराघरांतला निघालेला नाही. अजूनही रस्त्यात कुणाला फिट आली की नाकाला कांदा किंवा चप्पल लावायला चारजण धावतात. अशा जगण्यात दुःख होणार नाही तर काय होईल, त्याला गोळी काय करणार, असं विचारणारे चुकीचं विचारत नाहीत. सौम्य नैराश्यात समुपदेशन हाच पहिला मार्ग, असं या विषयातल्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीही सांगतात. मध्यम आणि तीव्र नैराश्यासाठी त्या सर्ट्रालिनच्या गटातली औषधं पहिल्या पसंतीची मानतात. मात्र कारण समाजात आहे म्हणून उपचार शरीरावर नको, हा नियम आपण आणखी कोणाला लावतो? क्षयरोगाचं मूळ दारिद्र्यात आणि कोंदट खोलीत असतं, म्हणून कुणी क्षयाच्या गोळ्या थांबवत नाही. आणि दर आठवड्याचं समुपदेशन सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरच्या माणसाला कुठे मिळणार? एसटीने नाशकात येऊन जायचं तर दिवसाची मजुरी जाते, आणि फिट येणाऱ्याला एकट्याने पाठवता येत नाही म्हणून सोबतच्याचीही जाते. गोळीचं तसं नाही, फ्लुओक्सेटिन आणि एसिटालोप्रॅम देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ‘आधी समुपदेशन, गोळी नकोच’ हा आग्रह शहरातल्या सुखवस्तू गंगापूर रोडवर राहणाऱ्याला परवडतो.

तरुणांमध्ये ही औषधं सुरू करताना सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, हा इशारा पंचविशीच्या आतल्या रुग्णांसाठी खरा आहे आणि पहिल्या महिन्यात घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून राहायला हवं. पण अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ साली आत्महत्येच्या विचारांचा असाच इशारा अपस्माराच्या औषधांबद्दलही दिला होता, आणि त्यामुळे कुणी ती बंद केली नाहीत, करूही नयेत. डेन्मार्कमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अपस्माराच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला. या तिपटीसमोर ‘गोळी नको, मन खंबीर ठेव’ हा सल्ला कोण आपल्या जबाबदारीवर देणार आहे? तो देणारा माणूस पुढच्या महिन्यात त्या घरी चौकशीला तरी जातो का?

राहिला प्रश्न लक्ष कोण ठेवणार याचा. मेंदूचे डॉक्टर म्हणतात, हे मनाच्या डॉक्टरांचं काम. मनाचे डॉक्टर म्हणतात, आधी मेंदूच्या डॉक्टरांची परवानगी आणा. रुग्ण दोन्हीकडे वेगवेगळ्या फाइली घेऊन फिरतो आणि एका फाइलीतली औषधं दुसरीत लिहिलेली नसतात. आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे, जिल्हा रुग्णालय आणि संदर्भ रुग्णालय ज्या शहरात आहेत, तिथे एवढं जमायला हवं की फिटसाठी आलेल्या प्रत्येकाला नैराश्याचे सहा प्रश्न विचारले जातील. अपस्माराच्या रुग्णांसाठी खास तयार केलेली अशी छोटी प्रश्नावली २००६ पासून उपलब्ध आहे, ती भरायला काही मिनिटं लागतात आणि परिचारिकाही ती विचारू शकते. तोवर घरच्यांनी एकच फाइल ठेवावी, तिच्यात सगळ्या गोळ्या लिहाव्यात आणि ती दोन्ही डॉक्टरांना दाखवावी. फिटच्या वहीत आणखी एक रकाना आखून झोप, जेवण, बोलणं-चालणं लिहावं. नैराश्याची गोळी सुरू करण्याआधीच्या दोन महिन्यांतल्या फिट मोजून ठेवाव्यात, म्हणजे नंतर वाढल्या की नाही हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही. गोळी लागू पडायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नये. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते आणि बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. मन फारच खचलं असेल आणि रात्री कुणाशी बोलायचं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. आणि कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन चालू असेल तर नैराश्याची गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सोडियम तपासून घ्यायचं का, हे डॉक्टरांना आपणहून विचारावं. ती चाचणी तालुक्याच्या लॅबमध्येही होते.